मदत हवी आहे : विनापरवानगी नाट्यप्रयोग, तीन वर्षांची मुदत नक्की कुठून मोजायची?

संहिता_डिचोली
डिचोलीच्या एका नाट्यलेखकाचे कागद लावून देतोय, मुदतीच्या हिशेबात गाडी अडलीय. नाटक मराठी, २०१७ साली पुस्तकरूपात आलेलं. मडगावकडच्या एका हौशी संस्थेने परवानगी न घेता जानेवारी २०१९ मध्ये जत्रेत प्रयोग केला, देवस्थानच्या मांडवात, तिकीट नव्हतं. एप्रिल २०२१ मध्ये त्याचं पूर्ण चित्रीकरण यूट्यूबवर टाकलं, ते आजही आहे. मग १९ डिसेंबर २०२२ ला मडगावात आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये म्हापशात तिकीट लावून प्रयोग. येत्या जानेवारीच्या प्रयोगाची जाहिरातही फिरतेय.

ऑगस्टमध्ये नोटीस दिली. उत्तर आलं : "२०१९ पासून सगळं तुम्हाला माहीत होतं, दावा मुदतबाह्य आहे." आज १० नोव्हेंबर २०२५. विलंब माफीचा अर्ज जोडून दावा घालता येईल का? आणि गोव्यात पोर्तुगीज कायद्याने वीस-तीस वर्षं मिळतात असं एक जण ठासून सांगतोय, त्यात तथ्य आहे का?

मुदतमोजणी
पोर्तुगीज कायद्याचं आधी निकालात काढतो. हा वाद गोव्यात बरीच वर्षं चालला हे खरं, पण २००१ मध्ये सिंडिकेट बँक विरुद्ध प्रभा नाईक या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पोर्तुगीज संहितेतली लांब मुदत बाजूला ठेवून १९६३ चा मुदतीचा कायदाच लागू धरला. त्या आशेवर एक दिवसही घालवू नका.

त्याच कायद्याचं विलंब माफीचं कलम ५ अपील आणि अर्जांसाठी आहे, मूळ दाव्याला ते लागत नाही. शिवाय कलम ३ प्रमाणे समोरच्याने मुद्दा काढला नाही तरी न्यायालयाला मुदतबाह्य दावा फेटाळावाच लागतो.

आता हिशेब. कॉपीराइटभंगाच्या नुकसानभरपाईला अनुच्छेद ८८ : भंग झाल्या तारखेपासून तीन वर्षं. कळल्यापासून नव्हे. 'कळल्यापासून तीन वर्षं' हे नेटवर वाचलं असेल तर ते बहुधा अमेरिकेतलं असणार. आपल्याकडे तसं फक्त कलम १७ खाली, म्हणजे समोरच्याने फसवणूक करून गोष्ट लपवली असेल तर. जाहिरात करून तिकिटं विकलेल्या प्रयोगाला लपवलेला कोण म्हणेल?

प्रत्येक प्रयोग हा वेगळा भंग, त्याची मुदतही वेगळी. त्यामुळे "२०१९ पासून माहीत होतं म्हणून सगळंच गेलं" हे त्यांचं उत्तर चूक. २०१९ चा गेला. फेब्रुवारी २०२४ च्या प्रयोगाला फेब्रुवारी २०२७ पर्यंत वेळ आहे. आणीबाणी आहे ती डिसेंबर २०२२ च्या प्रयोगाची : शेवटचा दिवस १९ डिसेंबर २०२५, आणि तो गोवा मुक्तिदिन! न्यायालय बंद असेल तर कलम ४ प्रमाणे उघडल्या दिवशी दाखल करता येतं, पण पाठोपाठ नाताळची सुट्टी, त्यात कार्यालयाने त्रुटी काढली की पळापळ. पंधरा तारखेच्या आत दाखल करा.

नोटिशीने घड्याळ थांबत नाही, बोलण्यांनीही नाही. "बघूया, काहीतरी करू" असे व्हॉट्सॲप संदेश घेऊन बसलेल्यांचेच दावे बुडतात.

पर्वरीकार
यूट्यूबचं तेवढं सोपं नाही. मुदतीच्या कायद्याचं कलम २२ म्हणतं, चालू राहणाऱ्या अपकृत्यात (भरपाई मागता येईल अशा चुकीच्या कृत्यात) क्षणोक्षणी नवी मुदत सुरू होते, आणि तुम्ही तेच मांडायचं. समोरून आळंदीच्या ज्ञानेश्वर महाराज संस्थानचा १९५९ चा निकाल येईल : कृत्य एकदाच घडून फक्त परिणाम उरला असेल तर ते चालू अपकृत्य नव्हे. तो युक्तिवाद टिकला तर कोविडकाळाची सूट (१५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२) धरूनही २०२१ च्या अपलोडची भरपाई फेब्रुवारी २०२५ अखेर संपली. म्हणून भरपाई फक्त दाव्याआधीच्या तीन वर्षांतल्या प्रसारणाची मागा आणि मनाई हुकमाची मागणी स्वतंत्र लिहा.

२०१९ चा प्रयोग भरपाईत घेऊच नका. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे हौशी मंडळाने फुकट प्रेक्षकांसमोर किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेला प्रयोग भंगच ठरत नाही. आपल्या जत्रांतली निम्मी नाटकं त्यावर उभी आहेत. त्याचं चित्रीकरण नेटवर टाकायला मात्र ही सवलत नाही.

संहिता_डिचोली
एक गोष्ट राहिली. २०१९ च्या प्रयोगाला लेखक हजर होते. शाल-नारळ घेतानाचा फोटो आहे.

पर्वरीकार
तो फोटो त्यांच्या लेखी कैफियतीच्या पहिल्या पानावर येणार. दावापत्रात तुम्हीच आधी सांगा : फुकट प्रयोगाला हरकत नव्हती, तिकिटाच्या प्रयोगाला संमती कधीच दिली नाही. केवळ उशीर झाला म्हणून मनाई हुकूम नाकारायचा नाही असं सर्वोच्च न्यायालयाने मिडास हायजीन प्रकरणात २००४ साली म्हटलंय. पण उशीर वेगळा आणि गप्प राहून दिलेली संमती वेगळी. २०२२ नंतर गप्प का, याचं तारखांसह उत्तर हवं.

मुदतमोजणी
दाखल कुठे? लेखक राहतात तिथे, म्हणजे उत्तर गोवा जिल्हा न्यायालय, मेरशी. कॉपीराइट कायद्याचं कलम ६२ ती मुभा देतं, मडगावला जायची गरज नाही. कॉपीराइटची नोंदणी नसली तरी अडत नाही, मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ते स्पष्ट केलंय.

आकडा फुगवू नका. हक्काच्या बाजारमूल्यासह दाव्याचं मूल्य ३ लाख किंवा जास्त झालं की तो व्यापारी वाद, आणि मग तातडीची अंतरिम मागणी नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची. तातडी न पटल्यामुळे दावापत्र नाकारलं गेलं तर तोवर १९ डिसेंबर उलटलेला असेल. तुमच्याकडे जानेवारीची जाहिरात आहे, ती जोडून थेट दाखल करता येईल. धोका नको असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मध्यस्थीचा अर्ज नमुना १ मध्ये द्या, शुल्क १००० रुपये. मध्यस्थीत गेलेला काळ मुदतीतून वगळला जातो, मात्र तोवर जानेवारीचा प्रयोग होऊन जाईल.

पर्वरीकार
पुराव्याचं आजच करा. व्हिडिओ उतरवून घ्या. दुवा, अपलोडची तारीख आणि प्रेक्षकसंख्या दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र हॅश मूल्यासह (फाइलची डिजिटल ओळखखूण) लागेल; भाग अ तुमचा, भाग ब तज्ज्ञाचा. सभागृह सरकारी असेल तर आरक्षणाची पावती माहिती अधिकारात मागा, पण उत्तराला ३० दिवस लागू शकतात, त्यासाठी दावा अडवू नका. यूट्यूबकडे हटवण्याची तक्रार दावापत्र तयार झाल्यावरच करा. समोरच्याने प्रतिनोटीस (हटवण्याला हरकत) दिली तर न्यायालयात गेल्याचा पुरावा कामकाजाच्या १० दिवसांत द्यावा लागतो, नाहीतर व्हिडिओ परत येतो.

संहिता_डिचोली
देव बरें करूं. मूल्य ३ लाखांखाली धरून, २०१९ वगळून मसुदा करतोय. म्हापशाच्या प्रयोगाचं तिकीट सापडलं, मडगावचं नाही. वर्तमानपत्रातली जाहिरात चालेल?

मुदतमोजणी
तारीख आणि तिकीटदर दिसत असेल तर अंतरिम अर्जापुरती चालेल. मूळ अंक जपा, नुसतं कात्रण नको. पानावरची तारीखच कापली गेलेली असते.