खिशातलं रिव्हॉल्वर: हलकं म्हणजे नेमकं किती हलकं? (चर्चेचा धागा)

पाचघरी
अमेरिकेत खिशात बाळगायला रिव्हॉल्वर घेणाऱ्यांचं एक ठरलेलं आहे. काउंटरवर तीन-चार नग हातात घ्यायचे, सगळ्यात हलकं उचलायचं, रेंजवर एक डबी संपवायची आणि तळहात चोळत ते तिजोरीत ठेवून द्यायचं. पुढे सराव शून्य.

माझं मत सरळ आहे. ४०० ते ४५० ग्रॅम, अॅल्युमिनियम मिश्रधातूची फ्रेम, .३८ स्पेशल, पाच गोळ्या, घोडा आत झाकलेला. म्हणजे स्मिथ अँड वेसनचं ६४२, किंवा तेच काळ्या रंगात हवं असेल तर ४४२. रिकामं वजन ४१० ग्रॅमच्या आसपास, नळी १.८७५ इंच. स्कँडियम फ्रेमचं ३४०पीडी त्याहून हलकं, साधारण ३३० ग्रॅम, आणि वर .३५७ मॅग्नम चालतं म्हणून लोक भुलतात. धक्क्याचा हिशोब करून बघा: ६४२ मध्ये १३५ ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) +पी, म्हणजे जास्त दाबाची, गोळी घेतली तर ऊर्जा साडेसात ज्यूलच्या आसपास येते, ३४०पीडीत १२५ ग्रेनची मॅग्नम घेतली तर वीसच्या घरात. अडीच पटीहून जास्त! ऐंशी ग्रॅम वाचवायला एवढी किंमत कशाला?

पोलादी
निष्कर्ष अर्धाच पटला. धक्का एवढा मोजायचा तर ६४२ वर थांबलात का? पोलादी ६४० घ्या, ६३० ग्रॅमच्या आसपास. त्यात .३८ शांतपणे चालतं, महिन्याला शंभर काडतुसं उडवली तरी हात दुखत नाही. अॅल्युमिनियम फ्रेमला नळीच्या आट्यांखाली, जिथे धातू सगळ्यात पातळ असतो, तिथे तडा गेल्याची उदाहरणं जुनी आहेत. सफाई करताना ती जागा भिंगाखाली बघायची सवय ठेवा.

पाचघरी
६३० ग्रॅम पँटच्या पुढच्या खिशात घालून चालून दाखवा. खिसा लंबकासारखा हलतो आणि नुसत्या आकारावरून कळतं आत काय आहे. पोलादी चांगलंच आहे, पण ते कमरेचं हत्यार. धागा खिशाचा आहे.

टेक्ससकर
६४२ चं एवढं कौतुक, पण चापाबद्दल अवाक्षर नाही. नव्या जे-फ्रेमचा (स्मिथ अँड वेसनची ही छोटी फ्रेम, ६४२ तिच्यावरचंच) चाप ओढायला साडेपाच किलोपर्यंत जोर लागतो, आणि हत्याराचं वजन त्याच्या तेराव्या हिश्श्याएवढं. माशी (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) हलणार नाही तर काय होईल? रूगरचं एलसीआर २००९ पासून बाजारात आहे. चापाखालची कॅम अशी घडवली आहे की जोर शेवटी एकदम चढत नाही, एकसारखा लागतो. .३८ चं वजन साडेतेरा औंस, म्हणजे ३८३ ग्रॅम. चापाच्या यंत्रणेचं घर पॉलिमरचं. हलकं पण आणि सुसह्य पण.

आणि चाप हलका करायला स्प्रिंगा बदलणाऱ्यांनो, जरा थांबा. घोड्याची स्प्रिंग नरम केली की चाप छान लागतो, पण कडक प्रायमरवर (काडतुसाच्या बुडातली ठिणगी देणारी टोपी) ठोका हलका पडतो. 'टक' आवाज येतो, गोळी सुटत नाही. बचावासाठी जे काडतूस बाळगणार, त्याच कंपनीची पन्नास तरी न अडता उडाली पाहिजेत, तोवर नवी स्प्रिंग भरवशाची समजू नका. चापाची परतीची स्प्रिंग फार नरम केली तर चाप पुढे यायला आळसतो, आणि घाईत अर्धवट सोडून परत ओढला की अडकतो.

पाचघरी
एलसीआरचा चाप चांगला, मान्य. पण त्यालाही अर्धवट सोडायची खोड चालत नाही. चाप पूर्ण पुढे येण्याआधी एक खोटी 'टक' लागते, नवखे तिथेच परत ओढतात. शिवाय एलसीआरची मूठ आणि मागचा उंचवटा खिशात जास्त जागा खातात.

बत्तीशी
मंडळी .३८ आणि .३५७ मध्येच अडकली आहेत. नावाला जागून सांगतो, .३२ बघा. .३२ एच अँड आर मॅग्नम १९८४ पासून आहे. जे-फ्रेमच्या त्याच आकाराच्या सिलिंडरमध्ये पाचऐवजी सहा काडतुसं बसतात आणि धक्का .३८ +पीपेक्षा स्पष्ट कमी. स्मिथ अँड वेसनचं ४३२ अल्टिमेट कॅरी साधारण ४६० ग्रॅम. माशी उजळ, मागची खाच रुंद, मूठ उंच धरता येते. जुन्या ६४२ ची माशी नळीच्याच धातूतली करडी टेकडी आणि मागे नुसती चर. मंद उजेडात ती शोधावी लागते.

यातच .३२ एस अँड डब्ल्यू लाँग हे सौम्य काडतूसही चालतं. सरावाला बेस्ट.

पाचघरी
चालतं, पण मिळतं का? .३८ कुठल्याही दुकानात असतं. .३२ एच अँड आर बहुतेक वेळा मागवावं लागतं आणि महाग पडतं. जे काडतूस परवडत नाही त्याचा सराव होत नाही.

धक्काच कमी करायचा असेल तर .३८ मध्येच उपाय आहे: १४८ ग्रेनचा वॉडकटर. सपाट तोंडाची, पूर्ण पुंगळीत बसलेली गोळी. आखूड नळीतून सेकंदाला दोनशे-सव्वादोनशे मीटर वेग. हॉलोपॉइंट (पोकळ तोंडाचं, आत गेल्यावर उमलणारं) त्या वेगाला उमलायचं नावच घेत नाही, कधी जाड कापडात त्याचं तोंड बुजतं. वॉडकटरला उमलायचं नसतंच, तो सरळ आत जातो. +पीच्या मानाने धक्का दोन तृतीयांश. तोटा एकच: सपाट तोंडामुळे घाईत भरताना काडतूस सिलिंडरच्या कडेला अडखळतं. म्हणून पहिली पाच वॉडकटर, आणि जवळच्या स्पीड स्ट्रिपमध्ये (काडतुसं ओळीत धरणारी पट्टी) गोल तोंडाची.

दहा_अधिक_एक
एवढी कसरत पाच गोळ्यांसाठी? रूगर एलसीपी मॅक्स ३०० ग्रॅमच्या आसपास, .३८० चं, दहा अधिक एक. रिव्हॉल्वरपेक्षा चपटं. सिलिंडरचा फुगवटा नाही. भरायला एक मॅगझिन, काम संपलं. २०२६ मध्ये हा वाद का चालू आहे तेच कळत नाही.

टेक्ससकर
कारण खिसा. खिशातला कापूस-धूळ पिस्तुलाच्या स्लाइडमध्ये शिरते. अंगाला टेकवून गोळी झाडावी लागली तर स्लाइड मागे सरकते आणि पिस्तूल सुटत नाही, रिव्हॉल्वर सुटतं. कोटाच्या खिशातून झाडताना तर झाकल्या घोड्याचं रिव्हॉल्वरच चालतं, पिस्तुलाची पुंगळी कापडात अडकते. आणि ३०० ग्रॅमच्या पिस्तुलाची मूठ सैल धरली तर स्लाइडला पुरती मागे यायला आधार मिळत नाही. पकड कच्ची असली तर रिव्हॉल्वरचं सिलिंडर निदान पुढच्या काडतुसावर फिरतं.

दहा_अधिक_एक
आणि रिव्हॉल्वर अडकलं की? पिस्तुलाला थाप मारून, स्लाइड ओढून दोन सेकंदांत सुरू करता येतं. रिव्हॉल्वर अडकलं की बाक आणि हातोडी लागते.

पोलादी
हे खरं आहे आणि रिव्हॉल्वरवाले ते सोयीनं विसरतात. अडकण्याची तीन मुख्य कारणं.

एक, रिकाम्या पुंगळ्या काढताना नळी जमिनीकडे ठेवली की न जळलेली बारूद एक्स्ट्रॅक्टरच्या चांदणीखाली (पुंगळ्या बाहेर ढकलणारी चकती) जाते. मग चांदणी पूर्ण बसत नाही आणि सिलिंडर बंद होताना कुरकुरतं. नळी आकाशाकडे करा आणि चांदणी ढकलणाऱ्या काडीवर तळव्याचा एकच जोरदार फटका द्या. आखूड नळीची काडीही आखूड असते, पुंगळ्या पूर्ण बाहेर ढकलत नाही. हळू दाबलं तर एखादी चांदणीखाली सरकते, आणि मग खरंच नखं मोडतात.

दोन, जास्त हलक्या हत्यारात उरलेल्या काडतुसांच्या गोळ्या धक्क्याने पुंगळीतून पुढे सरकतात. सिलिंडरच्या तोंडाबाहेर टोक आलं की फिरणंच बंद. स्कँडियमवाल्या .३५७ च्या नळीवर १२० ग्रेनपेक्षा हलकी गोळी वापरू नका असं कोरलेलं असतं, पण ते टायटॅनियमचं सिलिंडर लवकर झिजू नये म्हणून; सरकण्याशी त्याचा संबंध नाही. तपासायचं असं: पाचव्या काडतुसाची लांबी कॅलिपरने मोजा, चार झाडा, पाचवं काढून परत मोजा. वाढली असेल तर ते काडतूस त्या हत्यारासाठी बाद.

तीन, सैल झालेली काडी. तिचे आटे ढिले होऊन ती पुढे सरकली की सिलिंडर उघडतच नाही. दर सफाईला बोटाने फिरवून बघा.

सांगलीकर
इकडे भारतात .३२ शिवाय फारसा पर्याय नाही. परवाना मिळाला तर निर्भीक घ्यावं का? ५०० ग्रॅम म्हणे.

बत्तीशी
निर्भीक कानपूरच्या कारखान्याचं, २०१४ चं, टायटॅनियम मिश्रधातूचं. किंमत सुरुवातीला सव्वा लाखाच्या आसपास होती. काडतूस .३२ एस अँड डब्ल्यू लाँग, १८९६ पासूनचं, म्हणजे वर मी सरावाला सांगितलं तेच. धक्का मुळातच सौम्य, त्यामुळे ५०० ग्रॅममध्ये तो त्रास देत नाही. उलटं मात्र करू नका: .३२ एच अँड आर मॅग्नमची पुंगळी लांब असते, ती लाँगच्या सिलिंडरसाठी नाही.

निर्भीक मधून मोडून उघडतं, त्यामुळे सगळ्या पुंगळ्या एकदम बाहेर. पण बिजागरी आणि वरचा खटका झिजला की खेळ येतो. घेताना बंद करून, नळी आणि मूठ धरून हलकेच पिरगाळून बघा. २०२३ चं प्रबळ बाजूला सिलिंडर उघडणारं आहे, वजन ७०० ग्रॅमच्या आसपास. खिशासाठी ते जड. आणि निवडणूक आली की दोन्ही पोलीस ठाण्यात जमा करावी लागू शकतात हे वेगळं.

कायदेपंडित
मध्येच एक गोष्ट, कारण इथे अमेरिकेतले वाचक बरेच दिसतात. एच-१बी, एफ-१ यांसारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असताना बंदूकच काय, काडतूस बाळगणंही संघीय गुन्हा आहे. वैध शिकार परवाना असे मोजकेच अपवाद. ग्रीनकार्डवाल्यांना ही मनाई लागत नाही. न्यू जर्सीत घराबाहेर हॉलोपॉइंट बाळगण्यावर वेगळे निर्बंध आहेत, तिथल्यांसाठी पाचघरींचा वॉडकटर त्यामुळेही कामाचा. टेक्सासमध्ये २०२१ पासून परवान्याशिवाय बाळगता येतं, पण ते टेक्सासपुरतं. राज्याची हद्द ओलांडली की नियम बदलले.

पाचघरी
धन्यवाद, हे मीच आधी लिहायला हवं होतं.

आता खिशाबद्दल, कारण त्यावर कोणी बोललंच नाही. होल्स्टर हवंच, चाप पूर्ण झाकणारं, बाहेरून खरखरीत म्हणजे उपसताना ते खिशातच राहतं. त्या खिशात दुसरं काही नाही, किल्लीसुद्धा नाही. हात आत घालताना मूठ आवळून घातली तर तीच खिशाच्या तोंडात अडकते. अंगठा घोड्याच्या झाकणावर सपाट ठेवा, बाहेर आल्यावर मूठ धरा. रबरी मूठ धक्का शोषते पण कापडाला चिकटते. गुळगुळीत लाकडी मूठ सहज सुटते, पण तळहाताला जास्त लागते. मी लाकडाच्या बाजूने.

पोलादी
आणि धक्का कमी करायला ६४२ घ्या म्हणत होतात! लाकडी मूठ लावून तो धक्का परत तळहातात घेतलात.

पाचघरी
म्हणून तर वॉडकटर.