मॉडेलचं टेबल आणि सतत लक्ष मागणारी मांजर: दोन्ही कसं जमवायचं?

एकास_बहात्तर

प्लास्टिकच्या किटमधून १/७२ ची (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढी) विमानं आणि मधूनमधून १/३५० ची जहाजं करतो. दोन वर्षांची मांजर आहे. खोलीबाहेर ठेवली की दार ओरबाडते, आत घेतली की थेट कटिंग मॅटवर येऊन बसते. मोकळा वेळ संध्याकाळी सात ते नऊ, आणि तिचा दंगाही नेमका तेव्हाच.

विचारायचं ते असं. दोन तासांत काम आणि मांजर दोन्ही कसं बसवायचं? रंगात केस अडकू नयेत म्हणून काय करता? आणि टेबलावरच्या कुठल्या वस्तू तिच्यासाठी खरोखर घातक आहेत? "सगळं लपवून ठेवा" एवढ्याने भागत नाही, म्हणून नेमकं हवंय.

बारीकचिमटा

वेळापत्रक नंतर, आधी कामांची वाटणी करा. प्रत्येक कामाला एकच प्रश्न विचारायचा: दहा सेकंदांत हातातलं खाली ठेवून उठता येईल का?

स्प्रूवरून (भाग ज्याला जोडलेले येतात ती प्लास्टिकची चौकट) भाग कापणं, मोल्डची रेघ (साच्याच्या जोडाची खूण) खरवडणं, सँडिंग, पाण्याच्या अॅक्रिलिकने कॉकपिटचे बारकावे रंगवणं, कॅनोपीचं (कॉकपिटवरची काच) मास्किंग म्हणजे रंग नको तिथे टेप लावणं, ही कामं कधीही थांबवता येतात. एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं यंत्र), सायनोअॅक्रिलेटने (सुपरग्लू) भाग चिकटवणं, फोटो-एच (पातळ पत्र्याचे कोरीव भाग) वाकवणं, डिकॅल (पाण्यात भिजवून लावायची चित्रं) आणि रिगिंग (जहाजाच्या दोऱ्या) ही मध्येच सोडली तर बिघडतात. डिकॅल पाण्यातून काढून सरकवायला घेतलं आणि पाच मिनिटं उठलात, तर ते भलत्याच जागी घट्ट बसतं. दोन तासांच्या बैठकीत न थांबवता येणारं काम एकच ठेवा, फार तर ३० ते ४० मिनिटांचं. बाकी वेळ पहिल्या गटातल्या कामांना.

आता ही ३० मिनिटं मिळवायची कुठून? मांजरं पहाटे आणि तिन्हीसांजेला सगळ्यात जास्त चळवळ करतात, म्हणून तुमचा वेळ आणि तिचा वेळ एकमेकांवर येतो. तो बदलायला जाऊ नका, वापरून घ्या. शिकार, खाणं, अंग चाटणं, झोप हा तिचा क्रम ठरलेला असतो. सातला काठीला दोरी बांधलेल्या खेळण्याने १० ते १५ मिनिटं पळवा. शेवटची दोन मिनिटं वेग कमी करत न्या आणि खेळणं तिला पकडू द्या. पकडू न देता खेळ तोडला तर ती तशीच पेटलेली राहते आणि पुढची शिकार तुमचा ब्रश असतो. लगेच रात्रीच्या जेवणातला अर्धा भाग द्या. ती अंग चाटायला बसली की तुमची वेळ सुरू. रंग पातळ करणं, टाकी भरणं, मास्किंग तपासणं हे सगळं सातच्या आधी उरकलेलं हवं, नाहीतर तिची झोपेची वेळ तुमच्या तयारीतच संपते. एअरब्रश धुण्याची दहा मिनिटंही हिशेबात धरा.

उरलेलं अर्धं जेवण वेळ लावून उघडणाऱ्या फीडरमध्ये, साडेआठला. काही दिवसांत ती तुमच्याऐवजी त्या यंत्राच्या मागे लागते.

दाराबद्दल. ओरबाडल्यावर कधी उघडायचं आणि कधी नाही, हे सगळ्यात वाईट. अधूनमधून यश मिळत राहिलं की सवय आणखी पक्की होते. एकदा "उघडायचं नाही" ठरवलं की पहिले काही दिवस ओरबाडणं वाढेल, मग उतरेल. त्या वाढीच्या दिवसांत एकदा जरी उघडलंत तरी ती शिकते की जास्त जोर लावला की दार उघडतं. आधी खेळ आणि जेवण झालेलं असेल तरच हा उपाय न्याय्य आहे. उपाशी, कंटाळलेल्या मांजराला बाहेर कोंडून काही साधत नाही.

न उघडण्याचा धीर नसेल तर तिला टेबलाशेजारी स्वतःची जागा द्या. टेबलाच्या उंचीचं किंवा थोडं उंच स्टूल, त्यावर कडा असलेलं खोकं, आत मऊ कापड, वर पिवळ्या दिव्याची ऊब. ती मॅटवर येते कारण तिथे दिवा आहे आणि तुम्ही आहात. खाऊ फक्त त्या खोक्यात, टेबलावर कधीच नाही. टेबलाच्या कडेला पुठ्ठ्याच्या पट्टीवर दुतोंडी टेप लावून दोन-तीन आठवडे ठेवा. पंजाला चिकटणारी जागा तिला आवडत नाही. पाण्याचा फवारा मारू नका. त्यातून ती टेबल टाळायला शिकत नाही, तुम्हाला टाळायला शिकते.

प्रायमर_राखाडी

केसांबद्दल. मांजराचा केस ०.०५ मिमी जाड धरला तर १/७२ मध्ये तो ३.६ मिमीची तार होतो. म्हणूनच एकच केस पंखभर दिसतो.

मांजरीला ब्रश सकाळी करा, दुसऱ्या खोलीत. रंगवायच्या तासभर आधी केलात तर सुटलेले केस हवेतच असतात. रंगकामाआधी टेबल ओल्या फडक्याने पुसा, पंखा बंद करा, जमिनीवर आणि हवेत पाण्याचा बारीक फवारा मारा, दहा मिनिटं थांबा. लोकरी किंवा फ्लीसचे कपडे नकोत, गुळगुळीत सुती बरे. मॉडेल भांडी धुण्याच्या साबणाने धुवून पूर्ण वाळवा आणि नंतर कोरड्या कापडाने घासू नका. घासलं की प्लास्टिकवर स्थिर वीज साठते आणि केस ओढले जातात. फवारण्याआधी अँटिस्टॅटिक ब्रश हलक्या हाताने फिरवा.

रंग दिल्यावर लगेच पारदर्शक डबा उपडा ठेवा, पण चार कोपऱ्यांखाली ५ मिमीचे स्प्रूचे तुकडे द्या. हवाबंद केला तर थिनरची वाफ आत कोंडते आणि रंग मऊ राहतो. डबा आतूनही ओल्या फडक्याने पुसलेला असावा, कारण केस बहुतेक वेळा डब्यातूनच पडतो. हे बहुतेकजण विसरतात.

तरी केस बसलाच तर: तो उभा असेल आणि रंग त्याच क्षणी पडलेला असेल, तर टोकदार चिमट्याने सरळ वर उचला. आडवा बसला असेल तर हात लावू नका. ओल्या रंगात चिमटा ओढला की चर पडते, आणि चर भरणं केस घासण्यापेक्षा कितीतरी किचकट. लॅकर आणि अॅक्रिलिक २४ तास, एनॅमल किमान ४८ तास वाळू द्या, मग २००० चा ओला सँडपेपर फक्त तेवढ्या जागी, कडा विरत जातील असा, आणि वरून पातळ हात. मेटॅलिकखालचा चकचकीत काळा थर सगळं उघडं पाडतो, म्हणून खरी काळजी त्या थराला घ्या. प्रायमरवर केस आला तर जीव टाकू नका, तो थर तसाही घासायचाच असतो.

डोलकाठी

घातक वस्तूंमध्ये पहिलं नाव थिनरचं घेतात. रिगिंग करणाऱ्याच्या टेबलावर पहिला नंबर दोऱ्याचा.

मांजराच्या जिभेवरचे काटे मागे वळलेले असतात. दोरा तोंडात गेला की तिला तो थुंकता येत नाही, आत ओढलाच जातो. एक टोक जिभेखाली किंवा जठराच्या तोंडाशी अडकतं, दुसरं आतड्यात पुढे सरकतं, आणि आतडं त्या दोऱ्यावर चुण्या पडाव्यात तसं गोळा होतं. दोरा ताणला की आतड्याची भिंत कापली जाते. यावर बहुतेक वेळा शस्त्रक्रियाच करावी लागते. ताणणारा लायक्रा धागा, अदृश्य नायलॉन, मास्किंग टेपची बारीक पट्टी, सगळं याच वर्गात. आणि वर सांगितलेलं दोरीचं खेळणंही. खेळ संपला की ते ड्रॉवरमध्ये जायला हवं.

करायचं असं: दोऱ्याचं रीळ झाकणाच्या बरणीत, झाकणाला भोक पाडून फक्त टोक बाहेर. कापलेला प्रत्येक तुकडा त्याच क्षणी दुसऱ्या झाकणाच्या बरणीत, टेबलावर किंवा उघड्या कचऱ्याच्या डब्यात नाही. एका बैठकीत सहा-आठ दोऱ्या लावा, जहाज झाका, बरण्या बंद करा, मग उठा. छोट्या दोऱ्यांसाठी तापवून ओढलेला स्प्रू वापरता येतो. तो ठिसूळ असल्याने लांब धाग्यासारखा गुंतत नाही, पण टोकं बोचरी असतात, तेव्हा तुकडे गोळा करायलाच हवेत.

मांजराच्या तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका. तसाच राहू द्या आणि लगेच पशुवैद्याकडे न्या.

शिशाची तार आणि विमानाच्या नाकात घालायचं शिशाचं वजनही बदला. तांब्याची तार आणि स्टीलचे छर्रे तेच काम करतात.

जहाज उंच फळीवर ठेवलं म्हणजे सुटलो, असं नाही. निरोगी मांजर जागेवरून दीड मीटर सहज उडी मारते. दार असलेलं काचेचं कपाट हवं. ते नसेल तर पायथा जड लाकडाचा घ्या, हल (जहाजाचं धड) बंद करण्याआधी आत नट चिकटवा आणि खालून ३ मिमीच्या स्क्रूने मॉडेल पायथ्याला घट्ट आवळा. हे डेक बसवल्यावर करता येत नाही, तेव्हा किट उघडतानाच ठरवा.

कोरा_स्प्रू

मांजरांना संत्र्या-लिंबाचा वास आवडत नाही. टेबलाच्या कडांना संत्र्याचं तेल लावलं की येत नाहीत, सोपं आहे. सिमेंटही (प्लास्टिक जोडायचा गोंद) लिमोनिनचं वापरा, वास सौम्य आणि नैसर्गिक.

ओला_सँडपेपर

कोरा_स्प्रू, हे कृपया कुणी करू नका. काही रसायनं शरीराबाहेर टाकण्यासाठी यकृत त्यांना ग्लुकुरोनिक आम्ल जोडतं. मांजरात ही क्षमता फार कमी असते, म्हणून आपल्याला किंवा कुत्र्याला चालणाऱ्या कितीतरी गोष्टी तिला चालत नाहीत. संत्रावर्गीय तेलं आणि त्यातलं लिमोनिन मांजरांना विषारी आहे. तेल पंजाला लागतं, पंजा ती चाटते. सिमेंटला वास सौम्य आहे म्हणजे तो तिला निर्धोक आहे, असा अर्थ होत नाही.

टेबलावरच्या द्रव्यांचा विचार "ती पिईल का" असा करू नका. ती पीत नाही, ती त्यावरून चालते आणि मग अंग चाटते. ही वाट बंद करायची.

तामियाच्या एक्स्ट्रा थिन सिमेंटमध्ये अॅसिटोन आणि ब्युटाइल अॅसिटेट आहे. भीती शेपटीने बाटली कलंडण्याची. ४० मिलिची ती बाटली तळहाताएवढ्या जाड लाकडी ठोकळ्यात खड्डा पाडून बसवा. ब्रश लावून झाला की प्रत्येक वेळी झाकण.

एनॅमल वॉश (खाचांत भरायचा पातळ रंग) आणि व्हाइट स्पिरिट उघड्या वाटीत नको. झाकणाची बरणी, आणि पुसलेले बोळे झाकणाच्या डब्यात. रिटार्डर (रंग हळू वाळवणारं द्रव्य) आणि काही रंगांत ग्लायकॉल असतात, तेव्हा लेबल वाचा. एथिलीन ग्लायकॉल ४ किलोच्या मांजराला चमचाभरही जीवघेणं ठरतं. प्रोपिलीन ग्लायकॉल माणसाच्या खाण्यात चालतं, पण मांजराच्या लाल पेशींना त्याने इजा होते. याच कारणाने अमेरिकेत १९९६ मध्ये ते मांजरांच्या खाद्यातून काढायला लावलं. डिकॅलचं पाणी आणि ब्रश धुण्याचं पाणी या दोन गोष्टी मात्र ती खरोखर पिते. दोन्ही भांड्यांना झाकण, आणि तिचं स्वच्छ पाणी त्याच खोलीत दुसरीकडे.

रेझिनचे भाग ओले करूनच घासा आणि जमीन ओल्या कागदाने पुसा. न सुकलेलं यूव्ही रेझिन असलेला भाग टेबलावर सोडू नका. डायोरामाच्या पायथ्यासाठी फुगणारा पॉलियुरेथेन गोंद वापरत असाल तर तो पोटात गेल्यावर तिथेही फुगतो.

काही लागलंच तर: केसांवर एनॅमल असेल तर थिनर लावायचा नाही. कोमट पाणी, भांड्याचा साबण, तोवर टॉवेलमध्ये गुंडाळून चाटू द्यायचं नाही. सुकलेला रंग असेल तर केस कापा. सायनोअॅक्रिलेट कातडीला लागलं असेल तर कोमट साबणपाणी किंवा खाद्यतेल, अॅसिटोन नाही, ओढणं तर नाहीच. थिनर पोटात गेला असेल तर उलटी करवू नका. उलटीत तो फुप्फुसात जाण्याचा धोका जास्त. लाळ गळणं, झोकांड्या, तोंडावर पंजा मारणं दिसलं की बाटली बरोबर घेऊनच पशुवैद्याकडे.

एकास_बहात्तर

खूप आभार. शिशाची तार आजच टेबलावरून काढतो. दोन शंका राहिल्या. कॉम्प्रेसर सुरू झाला की ती पलंगाखाली जाते आणि तासभर बाहेर येत नाही. आणि टेबल रोज मोकळं करावं लागतं, वेगळी खोली नाही.

प्रायमर_राखाडी

माणसाला २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, मांजराला ६० हजारांच्याही वर. त्यात हवा सुटण्याचा "फिस्स" आवाज तिच्या भाषेत धमकी आहे. टाकी असलेला कॉम्प्रेसर घ्या. टाकी सातच्या आधी, ती दुसऱ्या खोलीत जेवत असताना भरा. १/७२ च्या विमानाला ०.३ मिमीचं नोझल आणि १५ ते १८ पीएसआय दाब असेल तर मोटर सतत चालत नाही, मधूनमधूनच सुरू होते. खाली जाड रबरी मॅट, आणि ३ मीटरची नळी लावून यंत्र दाराबाहेर. टाकीतलं पाणी सोडायचा व्हॉल्व्ह ती जवळ नसतानाच उघडा.

स्प्रे बूथची नळी खिडकीबाहेरच जायला हवी. नुसता फिल्टर रंगाचे कण अडवतो, थिनरची वाफ नाही. फवारणी संपल्यावर पंखा अर्धा तास चालू, आणि तोवर ती आत नको. उडालेला रंग तिच्या केसांवर बसतो.

बारीकचिमटा

टेबल रोज मोकळं करायचं असेल तर टेबलावर काम करूच नका, ट्रेमध्ये करा. साधारण ४० बाय ३० सेंमीचा, ३ सेंमी उंच कडांचा ट्रे आणि त्यावर घट्ट बसणारं, मॉडेलच्या उंचीचं झाकण. आत कापलेली कटिंग मॅट, एका कडेला चिमटा, सुरी आणि पट्टीसाठी फोमच्या खाचा, दुसरीकडे आजच्या पायरीचेच भाग झाकणाच्या छोट्या डब्यांत. बाकी स्प्रू झिपच्या पिशवीत किटच्या खोक्यात. सुरीचं पातं ट्रेमध्ये नेहमी टोपण घालूनच.

उठायची वेळ आली की सुरीला टोपण, सिमेंटला झाकण, ट्रेला झाकण. हे तीन हात दहा सेकंदांत होतात का ते एकदा घड्याळ लावून पाहा. होत नसेल तर ट्रेमध्ये सामान जास्त झालंय.