नाताळ "चोरलेला" म्हणे! आधी तारखा तरी नीट लावा

खडूस मास्तर
दर डिसेंबरला येणारा मेसेज काल सोसायटीच्या ग्रुपवर परत आला. "२५ डिसेंबर हा येशूचा नाही, मिथ्राचा वाढदिवस. चर्चने रोमनांचा सॅटर्नेलिया चोरला, झाड ओडिनचं, सांता म्हणजे पण ओडिनच. जागे व्हा." (मिथ्रा हा रोमनांत पुजला जाणारा एक देव, ओडिन उत्तर युरोपातला, सॅटर्नेलिया हा रोमनांचा डिसेंबरातला सण.) खाली अंगठ्यांची रांग. तिथे उत्तर दिलं की ॲडमिन "सर, सणासुदीला वाद नको" म्हणून डिलीट मारतो, म्हणून इथे लिहितोय. लांबलंय, कंटाळा असेल त्यांनी पुढे सरका.

आधीच सांगतो, मी चर्चवाला नाही, देवळात पण बायको ओढून नेते तेव्हाच जातो. पण खोटं ते खोटं.

सॅटर्नेलिया १७ डिसेंबरला सुरू व्हायचा, वाढत वाढत २३ पर्यंत गेला. मालक गुलामांना वाढायचे, जुगाराला मोकळीक, मेणबत्त्या आणि मातीच्या बाहुल्या भेट द्यायचे, सगळं मान्य. पण २५ ला तो नव्हताच! मिथ्रा तर खडकातून जन्मला, हातात सुरा आणि मशाल घेऊन, आणि तो २५ डिसेंबरला जन्मला असं सांगणारा एकही प्राचीन लेख कुणी दाखवलेला नाही. उरला अजिंक्य सूर्य, सोल इन्व्हिक्टस. सम्राट ऑरेलियनने २७४ मध्ये त्याचं मोठं देऊळ उभारलं हे खरं. पण २५ डिसेंबरला त्याचा जन्मदिवस, रथांच्या ३० शर्यती, ही नोंद सापडते ती ३५४ सालच्या एका रोमन पंचांगात, आणि गंमत म्हणजे "ख्रिस्त २५ डिसेंबरला बेथलेहेमात जन्मला" ही सगळ्यात जुनी पक्की नोंद पण त्याच चोपडीत आहे, मूळ यादी बहुधा ३३६ची. एकाच बाडात दोघं. मग कुणी कुणाचं ढापलं हे तुम्ही व्हॉट्सॲपवर कसं ठरवलंत?

दुसरी बाजू कुणी सांगतच नाही. जुन्या ख्रिस्ती लोकांत एक हिशोब होता, ख्रिस्त २५ मार्चला क्रुसावर गेला, आणि थोर माणूस ज्या दिवशी मरतो त्याच दिवशी आईच्या पोटात आलेला असतो. त्यात नऊ महिने मिळवा, झाला २५ डिसेंबर. पूर्वेकडे ६ एप्रिल धरायचे, त्यात नऊ मिळवले की ६ जानेवारी. आर्मेनियन चर्च आजही ६ जानेवारीलाच जन्म साजरा करतं. सूर्याचा सण ढापायचाच होता तर हे ६ जानेवारी कुठून आलं?

कडू कारलं
मास्तर, वकिली फक्कड. आता उलटतपासणी.

२५ मार्च म्हणजे रोमन पंचांगात वसंतसंपात, दिवस-रात्र सारखे असतात तो दिवस. २५ डिसेंबर म्हणजे त्यांच्याच पंचांगात अयनदिन, सगळ्यात लहान दिवस, रोमन लेखक प्लिनी तसंच सांगतो. बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचा वाढदिवस २४ जून, म्हणजे दुसरा अयनदिन, सगळ्यात मोठा दिवस! सूर्याच्या चारातल्या तीन खुंट्यांवर यांचे सण टांगलेले आणि वर म्हणायचं आम्ही फक्त बेरीज केली. वा.

पाचव्या शतकात पोप लिओ प्रवचनात चिडून सांगतोय की सेंट पीटरच्या पायऱ्या चढून वर आल्यावर आपलेच लोक वळून उगवत्या सूर्याला वाकून नमस्कार करतात. ६०१ मध्ये पोप ग्रेगरी इंग्लंडला निघालेल्या मेलिटस नावाच्या पाद्र्याला पत्र लिहितो, देवळं पाडू नका, आतल्या मूर्ती काढा, पवित्र पाणी शिंपडा आणि वापरा, आणि त्यांचे बैल कापायचे सण पण आपल्या सणात वळवून घ्या. हे पत्र बीड नावाच्या जुन्या इंग्रज साधूने आपल्या इतिहासात जपून ठेवलंय. याला आमच्याकडे अतिक्रमण म्हणतात.

आणि पहिली दोनशे वर्षं वाढदिवस कुणाला पडलेला नव्हता. ओरिजेन नावाचा जुना ख्रिस्ती पंडित म्हणतो, शास्त्रात वाढदिवस करणारे म्हणजे इजिप्तचा राजा फेरो आणि राजा हेरोद, दोघंही पापी.

खडूस मास्तर
ग्रेगरीचं पत्र अँग्लो-सॅक्सन देवळांबद्दल आहे हो, आणि ते २५ डिसेंबर ठरल्यावर अडीचशे वर्षांनी लिहिलंय! नातवाच्या मुंजीचा फोटो दाखवून आजोबांच्या लग्नाचा जेवणाचा मेनू सिद्ध करताय. लिओचा मुद्दा मात्र चांगला आहे. म्हणजे चांगला म्हणजे, त्यातून लोक दोन्ही करत होते एवढंच सिद्ध होतं.

तिरकस
क्रिसमस = कृष्णमास. चर्चा संपली, दिवे घालवा.

निर्मळकर
तिरकस, हा विनोद मी नववीपासून ऐकतोय, आता कोपऱ्यात बसा.

मी वसईचा. आमच्याकडे नाताळच्या पंधरा-वीस दिवस आधी आई ताटलीत माती घालून नाचणी पेरते, ती हिरवी वर आली की गोठ्यात गवत म्हणून ठेवायची, मधे बाळ येशू. परवा समोरच्या काकू आल्या, बघून हसत म्हणाल्या, "अगं हे तर आमचे घटच की, तुम्ही लोकांनी घेतलेत." आई काहीच बोलली नाही. पण तिचं तोंड मी बघितलं. माझी पणजी पण पेरायची, तिची आजी पण पेरत असणार. तुमची माती, आमची माती असं काही वेगळं होतं का तेव्हा? बाप्तिस्मा घेतला म्हणून शेत विसरायचं? आगेऱ्याला, म्हणजे आमच्या सुगीच्या सणाला, भाताची लोंबी चर्चमध्ये नेतो तेव्हा कुणाचं चोरतो, सांगा ना? तुम्ही लोक रोम रोम करता पण तोंड आमच्याकडे असतं.

कडू कारलं
निर्मळकर, मी चौथ्या शतकातल्या चर्चबद्दल बोलतोय, तुमच्या आईबद्दल नाही. प्रत्येक गोष्ट अंगाला लावून घ्यायची सवय लागलीय सगळ्यांना.

निर्मळकर
चोरी शब्द तुमच्या बाजूने आला. "अतिक्रमण" तुम्हीच लिहिलंत. आणि अतिक्रमणाबद्दल गोव्याकडच्या लोकांना विचारा, १७३६ ला इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, फर्मान काढून तुळस लावायची नाही, हे करायचं नाही ते करायचं नाही सांगितलं होतं. चर्चच म्हणत होतं जुनं टाका, तुम्ही म्हणता जुनं घेतलंत म्हणून चोर. आम्ही करायचं तरी काय?

म्युनिकची मावशी
झाडावर कुणीच बोलेना म्हणून मी. अकरा वर्षं इथे आहे, पहिल्या डिसेंबरात साडेचारला काळोख झाला तेव्हा रडले होते, तेव्हापासून हिरवं काही घरात आणावं हे मला कुणी समजावून द्यायला लागत नाही. पण म्हणून ते ओडिनचं झाड होत नाही! २४ डिसेंबर हा आदम-हव्वेचा दिवस, त्यांच्या नाटकात सफरचंदं लावलेलं झाड असायचं. १६०५ ला स्ट्रासबुर्गात घरात झाडं, त्यावर कागदी गुलाब, सफरचंदं, अशी नोंद आहे. ओडिनला जाऊन तोवर कित्येक शतकं झाली होती. उलट बोनिफेस नावाच्या मिशनऱ्याने आठव्या शतकात थॉर नावाच्या देवाचा ओक वृक्ष तोडला ही गोष्ट इथली पोरं शाळेत शिकतात, जपला नाही, तोडला.

पण यूल हा उत्तरेकडचा हिवाळ्यातला खरा जुना सण होता आणि नॉर्वेच्या हाकोन राजाने तो नाताळच्या तारखेला आणून बसवला, दहाव्या शतकात. हे मास्तरांनी सोयीस्कर गाळलं.

खडूस मास्तर
गाळलं नाही, लांब होत होतं. बरं, यूल दिला. घ्या. खूश?

रैवतपक्षी
अयनदिनाचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. ज्यूलियन पंचांगाचं, म्हणजे रोमनांच्या जुन्या कॅलेंडरचं, वर्ष थोडं लांब, म्हणून अयनदिन २५ वरून मागे सरकत गेला, शेवटी १५८२ मध्ये ग्रेगरीने (हा वेगळा ग्रेगरी, तेरावा) दहा दिवस उडवले. त्यांनी निदान दुरुस्त केलं. आपण? मकर संक्रांतीला उत्तरायण म्हणतो आणि खरं उत्तरायण २१-२२ डिसेंबरलाच सुरू झालेलं असतं! चित्रा ताऱ्यावरून मोजणाऱ्या नेहमीच्या पंचांगांचा अयनांश, म्हणजे वसंतसंपात आणि राशिचक्राची सुरुवात यांतलं अंतर, शून्य येतो इसवी २८५ च्या आसपास, म्हणजे ऑरेलियन देऊळ बांधत होता तेव्हा संक्रांत आणि अयनदिन जवळजवळ एकत्र होते. नंतर आपण सतराशे वर्षं झोपलो.

आमच्याकडे टिळक पंचांग, रेवती ताऱ्यावरून मोजतो, संक्रांत १० जानेवारीला. निदान चार दिवस कमी चुकतो.

कडू कारलं
चार दिवस कमी चुकणं म्हणजे बरोबर?

रैवतपक्षी
लोकमान्यांना गणित शिकवू नका.

वरणभात
टिळक पंचांगवाल्यांनो, अधिक महिन्याच्या घोळात तुमचा गणपती कधी कधी महिनाभर आधी येतो, त्याचं काय? माझं सासर टिळक पंचांगाचं. ऑफिसात रजा मागितली तर साहेब म्हणाले, गणपतीला अजून महिना आहे. मी सांगितलं आमच्या सासरी आधीच येतो. साहेबांना वाटलं थापा मारतेय. फूलवाला पण हसला. मोदकाचे साचे तेव्हा बाजारात आलेलेच नसतात!

रैवतपक्षी
साच्याचे मोदक करता? मग बोलणंच खुंटलं.

वरणभात
तुम्ही या करायला हाताने. एकवीस.

तिरकस
भारताच्या राष्ट्रीय पंचांगात सौर ४ पौष म्हणजे २५ डिसेंबर. शास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या समितीने अयनदिनाला चिकटलेला पौष करून दिला, १९५७ पासून सरकारी आहे, आकाशवाणीवर रोज तारीख सांगतात. वापरतो कोण? रेडिओ.

खडूस मास्तर
अरे धागा रोमचा आहे!!! मोदकांचे साचे कुठून आले?

आणि एक राहिलंच. "नाताळ पेगन (ख्रिस्तीपूर्व मूर्तिपूजकांचा) आहे" हे ओरडायला सुरुवात नास्तिकांनी नाही केली, कट्टर ख्रिश्चनांनी केली. प्युरिटनांनी, म्हणजे इंग्लंडातल्या कडक प्रोटेस्टंट पंथाने. १६४७ ला इंग्लंडच्या पार्लमेंटने नाताळ बंद केला, १६५९ ला मॅसॅच्युसेट्समध्ये साजरा केला तर पाच शिलिंग दंड. १६८७ ला इन्क्रीज मॅदर नावाचे पाद्रीबुवा लिहितात की हा सॅटर्नेलियाच आहे. म्हणजे आमच्या सोसायटीतले काका नकळत बोस्टनच्या पाद्र्याचा मेसेज फॉरवर्ड करतायत.

कडू कारलं
पाद्री म्हणाला म्हणून खोटं होत नाही. पण हे माहीत नव्हतं, कबूल. मिथ्रा पण सोडला, तो माझ्या डोक्यात एका डॉक्युमेंटरीतून बसला होता. सूर्य सोडणार नाही.

निर्मळकर, "अतिक्रमण" मागे. आईंना सांगू नका मी लिहिलं होतं.

निर्मळकर
तिला मराठी धागे वाचता येतात. वाचलाय. म्हणाली, काकूंना पण नाचणी दिली असती, मागायची होती.

रैवतपक्षी
मास्तर, सगळ्यांना घेऊन १० जानेवारीला तिळगूळ घ्यायला या.

कडू कारलं
१४ ला येतो.

रैवतपक्षी
तोवर संपलेला असेल.