करमुक्त दर्जा: आधी छाननी की नंतर तपासणी?

हिशेबनीस:
संस्थेला मिळणारा करमुक्त दर्जा म्हणजे सरकारने सोडून दिलेला महसूल होय, आणि तो सोडण्यापूर्वी अर्जदाराची कागदपत्रे वाचली गेलीच पाहिजेत, असे माझे मत आहे. अमेरिकेत २०१४ साली लहान संस्थांसाठी फॉर्म १०२३-ईझेड हा तीन पानी अर्ज आला. ज्यांची वार्षिक जमा ५० हजार डॉलरपर्यंत आणि मालमत्ता अडीच लाख डॉलरपर्यंत आहे, त्यांना घटनापत्र जोडावे लागत नाही. आवश्यक कलमे आहेत अशी चौकटीत खूण केली की भागते. त्यांपैकी विसर्जनाचे कलम घ्या. संस्था बंद पडल्यास उरलेली मालमत्ता दुसऱ्या धर्मादाय कार्याकडेच जाईल, अशी तरतूद नसेल, तर वर्षानुवर्षे कर न भरता साठवलेला निधी शेवटी संस्थापकांच्याच खिशात जाण्याची वाट मोकळी राहते. तेथील राष्ट्रीय करदाता अधिवक्त्यांच्या (करखात्यातच राहून करदात्यांची बाजू मांडणाऱ्या अधिकाऱ्यांच्या) २०१५ च्या अहवालात, या मार्गाने मान्यता मिळालेल्या संस्थांच्या नमुन्यातील ३७ टक्के संस्था घटनापत्राच्या कसोटीला उतरत नसल्याचे नोंदवले आहे.

विश्वस्त:
आकडा खरा आहे, पण त्यावरून आपण काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. घटनापत्रात कलम राहून जाणे आणि पैसा खाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लबाडी करायला बसलेला माणूस तर सर्वांत निर्दोष घटनापत्र लिहून आणतो, कारण वकिलाला द्यायला त्याच्याकडे पैसे असतात. छाननीत अडकतो तो स्वयंसेवकांच्या बळावर चालणारा छोटा न्यास. भारतात २०२० च्या वित्त कायद्याने आयकर कायद्यात संस्थांच्या करमुक्त नोंदणीचे कलम १२एबी आणले आणि पूर्वी एकदा मिळाली की कायम टिकणारी नोंदणी पाच वर्षांवर आणली. आधीच नोंदलेल्या संस्थांनाही नव्याने अर्ज करावे लागले. पुढे २०२५ मध्ये, ज्यांचे उत्पन्न सवलतीपूर्वी मागील दोन वर्षांत प्रत्येकी पाच कोटी रुपयांच्या आत आहे, त्यांच्यासाठी ही मुदत दहा वर्षे करण्यात आली, म्हणजे फेरे जाचक होतात हे सरकारलाही मान्य करावे लागले. खरा वचक वार्षिक हिशेबाचा असतो. उत्पन्नाचा किमान ८५ टक्के भाग उद्दिष्टांवर खर्च करण्याची अट पाळली गेली की नाही, हे पहिल्या दिवशीच्या अर्जातून कोणालाच कळणार नाही.

पैलतीर:
व्यक्तींचाही उल्लेख व्हावा. अर्ज करून ‘करमुक्त व्यक्ती’ होता येते, असा अनेकांचा समज असतो. अमेरिकी नोकरदार मालकाला द्यायच्या डब्ल्यू-४ फॉर्मवर ‘सूट’ मागतो, तेव्हा फक्त पगारातून होणारी आयकर कपात थांबते, आणि तीही त्या वर्षापुरतीच. त्यासाठी गेल्या वर्षी आयकराची देयता शून्य असावी लागते आणि चालू वर्षीही ती शून्यच राहील अशी अपेक्षा असावी लागते. याला दर्जा म्हणता येणार नाही.

हिशेबनीस:
विश्वस्त, वार्षिक हिशेबावर आपली भिस्त आहे. पण जिथे विवरणपत्रच भरावे लागत नाही, तिथे काय करायचे? अमेरिकेत चर्चना करमुक्ततेसाठी अर्जही करावा लागत नाही आणि वार्षिक माहितीपत्रही भरावे लागत नाही. इतर संस्थांनी सलग तीन वर्षे माहितीपत्र भरले नाही, तर दर्जा आपोआप जातो, हे मान्य. परंतु तोवर तीन वर्षांच्या देणग्या येऊन गेलेल्या असतात.

पैलतीर:
आपण दोघेही दोन सवलती एकत्र करून बोलत आहात, आणि (माझ्या मते) निम्मा वाद त्यातूनच उभा राहिला आहे. संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नावर कर न लागणे ही एक सवलत; देणगीदाराला त्याच्या करात वजावट मिळणे ही दुसरी. भारतात १९६१ च्या आयकर कायद्याने पहिलीसाठी कलम १२एबी आणि दुसरीसाठी कलम ८०जी अशा वेगवेगळ्या मान्यता ठेवल्या. जिच्याकडे मुळात शिल्लकच उरत नाही, अशा संस्थेची पहिल्या सवलतीसाठी झडती घेऊन तिजोरीत फारसे काही पडत नाही. दुसरीत मात्र प्रत्येक पावतीमागे तिसऱ्याच माणसाचा कर कमी होतो आणि बनावट पावत्यांचा धंदाही तिथेच चालतो. देणग्यांचे विवरण १०बीडी नमुन्यात भरणे संस्थांना बंधनकारक झाले, ते याच वजावटीसाठी. छाननी करायचीच असेल, तर ती तिथे कडक करा आणि पहिल्या दर्जासाठी साधे घोषणापत्र पुरेसे माना.

विश्वस्त:
एवढ्यावर माझी हरकत नाही, फक्त विसर्जनाच्या कलमाचा छापील मसुदा अर्जासोबतच द्यावा, म्हणजे वकिलाचा खर्च वाचेल.

हिशेबनीस:
माझी हरकत आहे. घोषणापत्रावर दर्जा मिळालेली संस्था दुसऱ्याच दिवशी त्याच कागदाच्या जोरावर वजावटीची मान्यता मागायला येईल, आणि तिथला अधिकारी म्हणेल की पहिली तपासणी झालेलीच आहे.