मानेची कॉलर, मृगाचा पाऊस आणि न वाळणारी पॅडं

कातळावरची (देवगड तालुका)
नमस्कार. आमचे यजमान मे महिन्यात शेवटचा आंबा उतरवताना शिडीवरून पडले. खाली जांभा. पहिला एक्सरे इथेच झाला, मग फोंडा घाटातून कोल्हापूरला नेलं. मानेच्या सहाव्या मणक्याला बारीक फ्रॅक्चर आहे, हाड सरकलेलं नाही, म्हणून ऑपरेशन नको म्हणाले. पण पुढचा-मागचा भाग वेगळा असलेली कडक कॉलर आठ आठवडे रात्रंदिवस घालायची.

आज पाच आठवडे झाले. कॉलरच्या आत कापडी पॅडं आहेत, ती घामाने भिजतात. मृग लागल्यापासून वलणीवर दोन दिवस टाकली तरी ओलीच, वर कुबट वास. हनुवटीखाली लाल चट्टा आलाय. घरी सोडताना कॉलर घालायची कशी ते दाखवलं, धुवायची कशी ते कोणी सांगितलं नाही. रात्री ते म्हणतात, "माझो जीव घुसमटता, ह्यो पट्टो आधी काढ." खरं सांगते, दोन रात्री मी काढून दिला. शिवाय सासूबाई शेजारच्या गावातल्या हाड बसवणाऱ्याला तेल लावायला बोलवायचं म्हणतायत. काय करू?

सड्यावरचा (रत्नागिरी)
ताई, मलाही कॉलर होती, पण वेगळी. हायवेवर मागून गाडीने ठोकलं, मानेला हिसका बसला, हाडाला काही नव्हतं. मऊ स्पंजचा पट्टा मिळाला आणि डॉक्टरांनी चारच दिवसांत काढायला लावून मान हळूहळू हलवायला सांगितली, नाहीतर स्नायू आखडतात म्हणाले. हे एवढ्यासाठी लिहितोय की कोणी तुम्हाला "आमच्या पाव्हण्याने चार दिवसांत काढला" असं सांगेल. ते तुमच्या यजमानांना लागू नाही. त्यांचं हाड जुळायचंय.

खाडीपलीकडे (गुहागर)
माझा धाकटा भाऊ माडावरून पडला होता. बारा आठवडे कॉलर, आणि ते बारा आठवडे मीच केलं, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी रात्रीचं. झोपेत माणूस सैल पडतो, मान सांभाळणारे स्नायू ढिले होतात, म्हणून कडक कॉलर रात्रीच जास्त हवी. त्या दोन रात्रींबद्दल डॉक्टरांना फोन करून सांगाच. लपवू नका, रागावले तरी चालतील. घुसमटतंय म्हणतात तेव्हा हनुवटी कॉलरच्या पुढच्या खोलगट भागात नीट बसलीय का ते बघा. आत घसरली असेल तर गळ्यावर दाब येतो. भावाचं तेच होत होतं.

पॅडांचा दुसरा जोड घ्या, यात काटकसर नको. भावाची फिलाडेल्फिया कॉलर होती, तिला वेगळी पॅडं नसतात, सगळा फोमच, म्हणून आम्ही अख्खी दुसरी कॉलर आणली होती. धुतलेलं पॅड पिळू नका. कोरड्या पंचात गुंडाळून हाताने दाबा, मग पंख्याखाली ठेवा. चुलीवर शेकवू नका. बदलताना माणूस सपाट पाठीवर, उशी नाही, एकाने दोन्ही बाजूंनी डोकं धरायचं, दुसऱ्याने आधी फक्त पुढचा भाग काढायचा. मागच्यासाठी कुशीवर वळवावं लागतं. ते रुग्णालयात प्रत्यक्ष शिकून घ्या, वाचून करू नका. दाढी रोज करा, खुंट टोचतात. पावडर नको, घामात तिच्या गुठळ्या होतात.

आणि जेवण. मान खाली जात नाही, ताट दिसतच नाही. भावाने अंदाजाने तारल्याचा घास घेतला, काटा घशाशी आला, आणि तो खोकला तेव्हा आम्ही सगळे जागच्या जागी थिजलो. त्यानंतर टेबलावर पाट ठेवून त्यावर ताट, ताठ बसून लहान घास, मासा मी निवडून द्यायचे. पेजेला स्ट्रॉ.

निवृत्त परिचारिका (कणकवली)
वरचं सगळं बरोबर. लाल चट्ट्यावर बोट दाबून सोडा. पांढरा होऊन पुन्हा लाल झाला तर ठीक. दाबूनही लालच राहिला किंवा कातडी सुटली असेल तर ती दाबाची जखम सुरू झालीय, त्याच दिवशी दाखवा. डोक्याची मागची बाजू आणि गळ्याजवळची हाडंही रोज बघा, तिथली जखम उशिरा कळते.

हात-पाय बधिर किंवा लुळे वाटले, चालताना तोल गेला, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, श्वास किंवा गिळणं जड झालं, तर सकाळची वाट बघायची नाही, लगेच रुग्णालय. कॉलर तशीच ठेवून.

तेल-मालीश करणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. न जुळलेल्या मणक्यावर कोणी मान फिरवली तर मज्जारज्जूला इजा होऊ शकते. सासूबाईंना एक्सरे दाखवा, भेग बोटाने दाखवा. माझ्या अनुभवात म्हातारी माणसं डोळ्यांनी बघितलं की ऐकतात.

कातळावरची (देवगड तालुका)
सगळ्यांचे मनापासून आभार. सकाळी फोन केला, दोन रात्रींचं सांगितलं. रागावले, पण सोमवारी एक्सरेला बोलावलंय, तोपर्यंत कॉलर अजिबात काढायची नाही. चट्टा दाबल्यावर पांढरा होतोय. हनुवटी खरंच आत सरकली होती. सोमवारी ती नीट बसवून देतील, पॅडांचा जोडही तिथूनच आणेन. एक्सरे सासूबाईंना खिडकीशी धरून दाखवला. काही बोलल्या नाहीत, पण दुपारी त्यांनीच पाट आणून टेबलावर मांडला, वर पेजेचा वाडगा ठेवला आणि ते जेवेपर्यंत समोर बसून राहिल्या.