फाटकाजवळच्या बहाव्याची नोंदवही

सदनिका २०३ : सर्व सभासदांना नमस्कार. आवारातील बहाव्याला पहिले फूल कधी आले, याविषयी ग्रुपवर तीन वेगवेगळ्या तारखा आल्या आहेत. प्रत्येकाने स्वतः झाडाकडे मान वर करून पाहिले त्या दिवसाची तारीख दिली आहे. फूल उमलले तो दिवस कोणालाच ठाऊक नाही. म्हणून विनंती अशी की, दर रविवारी सकाळी एका सभासदाने झाडाखाली उभे राहून कळ्या, उमललेली फुले, कच्च्या शेंगा, पक्व शेंगा आणि कोवळी पाने यांपुढे ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढे लिहावे.

सदनिका ४०१ : जे दिसत नाही त्याची नोंद कशाला? वही उगाच भरेल.

सदनिका २०३ : काका, खरी गोम तिथेच आहे. मागच्या रविवारी ‘नाही’ आणि या रविवारी ‘आहे’ असेल, तर फूल या सात दिवसांत उमलले असे ठामपणे म्हणता येते; मागची नोंदच नसेल, तर ते पंधरा दिवसांपूर्वीचेही असू शकते. शिवाय पाहणारे डोळे वाढले की पहिले फूल लवकर सापडू लागते, आणि मग झाड बदलले की आपले लक्ष वाढले, हे उलगडत नाही. अमेरिकेत २००७ साली सुरू झालेल्या नॅशनल फिनॉलॉजी नेटवर्कसाठी (फिनॉलॉजी म्हणजे ऋतूंनुसार झाडे आणि प्राण्यांत होणाऱ्या बदलांचा अभ्यास) नागरिक नोंदी करतात, तेव्हा त्यांना ‘आहे’ आणि ‘नाही’ यांखेरीज ‘खात्री नाही’ असाही पर्याय असतो. आपणही तो ठेवू.

सदनिका १०२ : शेंगांबाबत शंका आहे. काल दुर्बिणीतून पाहिले, तर एकाच फांदीवर गेल्या हंगामातली काळी, वाळलेली शेंग आणि तिच्याशेजारी बोटाएवढी हिरवी शेंग लोंबत होती. काय लिहावे?

सदनिका २०३ : दोन्हींपुढे ‘आहे’. आज काय दिसते, एवढेच लिहायचे. शेंग केव्हाची, ते मागची पाने सांगतील. मात्र पाण्याची टाकी भरून वाहिली आणि बुंध्याशी पाणी साचले, तर तेही शेऱ्यात लिहावे, म्हणजे बहर मागेपुढे झाल्याचा दोष एकट्या उन्हाळ्यावर जाणार नाही.

सदनिका ४०१ : पटले. पण एका झाडाच्या वहीवरून हवामानाचे काय कळणार? आणि उद्या तुम्ही घर बदललेत तर?

सदनिका २०३ : एका झाडावरून काही ठरत नाही, हे मान्यच, अशा अनेक वह्या एकत्र आल्या तरच बोलता येते. घर बदलण्याचे म्हणाल, तर इंग्लंडमधील नॉरफोक येथे रॉबर्ट मार्शम यांनी १७३६ साली वसंताच्या खुणा टिपायला सुरुवात केली आणि त्यांच्या वंशजांनी ते काम १९५८ पर्यंत चालवले. जपानमधील क्योतो येथील चेरीच्या बहराच्या तारखा तर नवव्या शतकापासूनच्या दरबारी रोजनिशींत सापडतात. लिहिणाऱ्यांच्या मनात हवामानबदल असणे शक्यच नव्हते. तरीही २०२१ मध्ये २६ मार्चला आलेला पूर्ण बहर तोवरच्या बाराशे वर्षांतला सर्वांत लवकरचा ठरला, तो त्यांनी तारखा लिहून ठेवल्या म्हणूनच.

सदनिका ४०१ : ठीक आहे, पहिला रविवार माझा.

सदनिका ४०१ : रविवार, सकाळी ७.१०. कळ्या आहेत. उमललेली फुले आहेत. कच्च्या शेंगा आहेत, पक्व शेंगाही आहेत. कोवळी पाने : खात्री नाही, चष्मा वरच राहिला.