बाथरूममधला गॅस गिझर बाहेर काढावा का?

नाशिकला आमचं जुनं घर. बाथरूम पाच बाय चार, वर फूटभर काचपट्ट्यांची खिडकी. थंडीत आई त्या फटीत टॉवेल कोंबते. परवा केस धुऊन बाहेर आली आणि उंबऱ्यावरच बसली. डोकं जड, मळमळ. अंगणात थोड्या वेळाने बरं वाटलं. "पित्त झालं असेल," म्हणाली. मला पटत नाही. गिझरला धूर बाहेर नेणारा पाइप नाही. गॅसचा वासही नव्हता.

उत्तर: ताई, हा कार्बन मोनॉक्साइड असू शकतो, म्हणजे गॅस अर्धवट जळला की तयार होणारा विषारी वायू. त्याला वास नसतो. सिलिंडरच्या गॅसचा वास मुद्दाम मिसळलेला असतो. कार्बन मोनॉक्साइड मात्र रक्तात ऑक्सिजन वाहणाऱ्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून घट्ट धरतो. आईंना आजच डॉक्टरांकडे न्या, गिझरचं सांगा. तोवर गिझर बंद.

उत्तर: मी प्लंबिंग करतो. ज्योत पिवळी, वर काजळी असेल तर जळण अर्धवट होतंय. पण निळी दिसली म्हणून निर्धास्त राहू नका. कोंडलेल्या खोलीत हवा संपत जाते तशी तीही बिघडते. गिझर उघड्या बाल्कनीत लावा, फक्त गरम पाण्याची लाइन आत घ्या.

दादा, टॉवेल काढला, कॉक बंद केला. आईला घेऊन निघालेच आहे.